दुसरी नोंद

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर जमीन एकच आहे. काळी, खोल, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि कपाशीला मानवणारी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ मध्ये तो तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. पण या साऱ्या घडामोडींत बेला, जैनथ या बाजूची मराठी घरे होती तेथेच राहिली, आणि त्यांचे सोयरसंबंध, बाजारहाट व दुखणीबाणी नदी ओलांडून पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. महसुली कारभारातला पाहणी हा एक शब्दही दोन्ही तीरांवर टिकून राहिला. पलीकडे महाराष्ट्रात गाव नमुना बारामध्ये पीकपाहणी लिहिली जाते. अलीकडे, निजामी अमलात वाढलेल्या मुलखात, पटवाऱ्याच्या दफ्तरातले पहाणीपत्रक कित्येक पिढ्यांनी हाताळलेले आहे, आणि १९५४-५५ सालची खासरा पहाणी जमिनीच्या तंट्यात अजूनही पुराव्यादाखल पुढे केली जाते. आता ही दफ्तरे संगणकात गेली असली तरी पाहणीचे तत्त्व पालटलेले नाही. कोणत्या शेतात, कोणत्या हंगामात, कोणाच्या कबज्यात, प्रत्यक्ष काय उभे आहे, ते जागेवर जाऊन पाहावे व लिहावे, आणि पुढच्या हंगामात पुन्हा जाऊन पुन्हा लिहावे, एवढेच ते तत्त्व आहे.

आतड्याच्या एका चिवट रोगाविषयी लिहू इच्छिणारा मी शेताच्या पहाणीपासून आरंभ करतो, त्यास कारण आहे. आदिलाबादेस कृषी संशोधन केंद्र आहे. अशा केंद्राच्या प्रक्षेत्रावर कपाशीच्या वाणाची परीक्षा होते, तेव्हा सारख्या मापाचे वाफे पाडलेले असतात, खत मोजून दिलेले असते, निंदणी ठरल्या दिवशी होते, आणि म्हणूनच त्या वाणाच्या अंगी मुळात किती सामर्थ्य आहे हे तेथे निर्विवाद कळते. परंतु तेच बियाणे मुरमाड उतारावर, उशिरा आलेल्या पावसात, कर्ज काढून एकदाच खत घालू शकणाऱ्या कुणब्याच्या हाती काय देईल, हे प्रक्षेत्र सांगू शकत नाही. ते पहाणीलाच विचारावे लागते. औषधांचेही असेच आहे. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची जी नियंत्रित चाचणी होते, तीत रोगी निवडून घेतलेले असतात. गर्भवती, अतिवृद्ध, पूर्वी क्षय झालेले, दुसरे काही मोठे दुखणे असलेले असे पुष्कळ जण दारातूनच परत जातात, आणि निवडलेल्यांवर काही महिने बारीक लक्ष ठेवले जाते. चाचणीचा हा काटेकोरपणा हेच तिचे बळ आहे, आणि तिची मर्यादाही त्यातच आहे. चाचणीबाहेरच्या, म्हणजे खऱ्या संसारातल्या रोग्यांची माहिती वर्षानुवर्षे एका पद्धतीने टिपून ठेवणाऱ्या दफ्तराला इंग्रजी वैद्यकात ‘पेशंट रजिस्ट्री’ म्हणतात, आणि इस्पितळांचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, विमायोजनांचे दावे यांतून गोळा होणाऱ्या एकंदर माहितीला ‘रिअल वर्ल्ड डेटा’ म्हणतात. आपल्याकडे रजिस्ट्री म्हटले की डोळ्यांपुढे खरेदीखत येते. म्हणून मी पहिलीला रुग्णनोंदवही आणि दुसऱ्या माहितीला व्यवहारातली माहिती म्हणेन.

रोग कोणता ते आता सांगतो. आतड्याच्या अस्तराला कोणत्याही जंतूवाचून, शरीराच्या स्वतःच्याच संरक्षणयंत्रणेच्या बिघाडाने, वर्षानुवर्षे दाह होत राहावा, मधे काही महिने तो निवावा आणि पुन्हा उसळावा, अशा स्वरूपाच्या व्याधींचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्यापुरता राहतो. गुदाशयापासून वर चढत जाणारे व्रण, दिवसातून दहा-बारा वेळा होणारे रक्तमिश्रित जुलाब, पोटात मुरडा आणि अंगातून निघून जाणारे रक्त ही त्याची लक्षणे. दुसरा क्रोनचा रोग. तो तोंडापासून गुदापर्यंत कोठेही, बहुधा लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी, आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो, मार्ग अरुंद करतो, कधी भगंदर पाडतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बर्रिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले, ते आतड्याच्या क्षयाहून तो वेगळा काढूनच. या दोन्ही रोगांना समूळ घालवणारे औषध अद्याप नाही. ते आटोक्यात ठेवता येतात, आणि बऱ्याच रोग्यांना तारुण्यात जडत असल्यामुळे आटोक्यात ठेवण्याचा हा उद्योग तीस-चाळीस वर्षे चालतो.

आता बेला मंडलातला एखादा तिशीचा कापूसकरी कल्पनेत आणावा. त्याला रक्ताची आव पडू लागली. प्रथम गावातल्या डॉक्टराने मूळव्याध म्हणून मलम दिले. महिन्याने तो आदिलाबादेस रिम्समध्ये, म्हणजे २००८ साली सुरू झालेल्या राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेत गेला. तेथे त्याची तक्रार ‘रक्त विरेचनालु’ या तेलुगू शब्दांत सांगितली गेली आणि इंग्रजीत लिहिली गेली. मेहुणा पांढरकवड्याचा, म्हणून तो पुढे यवतमाळला गेला. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर नागपूर आहे, तेथे दुर्बिणीने आतडे तपासले. पैसे संपले तेव्हा सेवाग्राम. आणि शेवटी कोणी सुचवले म्हणून तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद. एकाच देहाची हकिकत सहा दवाखान्यांत, दोन राज्यांत, तीन भाषांत विखुरली. मागच्या दवाखान्याने कोणते औषध किती दिवस दिले हे पुढच्याला कळावयाचे साधन एकच, त्याच्या काखेतली प्लॅस्टिकची पिशवी, आणि ती पावसाळ्यात भिजली म्हणजे तेही गेले. या सहांपैकी एकाही ठिकाणी कोणी चुकले असे मी म्हणत नाही. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेली पहिली नोंद प्रामाणिकपणे केली. दुसरी नोंद करायला तो माणूस कोणापाशी परत आला नाही, इतकेच.

पण या रोगात दुसरी नोंद हीच खरी नोंद असते, आणि आपल्या देशात तर ती अधिकच मोलाची आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग हे दोघे एकमेकांचे वेष घेऊन वावरतात. ताप दोहोंत, वजन झडणे दोहोंत, लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी व्रण दोहोंत. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा ठेवला तरी पेशींच्या गाठी दोहोंत दिसू शकतात, आणि क्षयाचा जंतू आतड्याच्या तुकड्यात पुष्कळदा सापडतच नाही. चूक मात्र दोन्ही बाजूंनी महाग पडते. क्रोनला क्षय समजले तर सहा महिने फुकट जाऊन आतडे आकसत राहते. क्षयाला क्रोन समजून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली तर क्षय अंगभर पसरू शकतो. म्हणून संशय उरला असता भारतातले वैद्य पुष्कळदा क्षयाचा कोर्स सुरू करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले की नाही हे पाहतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील गोविंद मखारिया, विनीत आहुजा आदी संशोधकांनी या दोन रोगांची लक्षणे कोठे जुळतात व कोठे फुटतात याचा दीर्घ अभ्यास केला आहे, तो रोग्यांना काळाच्या ओघात पाहत राहिल्यामुळेच शक्य झाला. पहिल्या दिवशीची चिठ्ठी येथे फक्त संशय सांगते. निदान सांगतो तो सहाव्या महिन्याचा शेरा.

आणि येथेच आपल्या व्यवस्थेतला एक विलक्षण प्रकार मला दिसतो. क्षयाची नोंद आपल्या देशात सक्तीची आहे. २०१२ साली तो कळवण्याजोगा रोग ठरला आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. ती गावच्या आशा कार्यकर्तीपासून दिल्लीपर्यंत एकच आहे, रोगी नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात गेला तर त्याचे नाव त्याच्या मागोमाग जाऊ शकते, आणि उपचार चालू असेतो पोषणासाठी रक्कमही त्याच्या खात्यात येते. आमच्या त्या कापूसकऱ्याला क्षय समजून औषधे दिली जात आहेत तोपर्यंत तो सरकारदरबारी आहे, कोणीतरी त्याला फोन करते, गोळ्या घेतल्या का म्हणून विचारते. ज्या दिवशी हा क्षय नव्हे, क्रोन आहे असे निश्चित झाले, म्हणजे ज्या दिवशी त्याचे निदान अखेर बरोबर झाले, त्याच दिवशी त्याचे नाव त्या दफ्तरातून निघते आणि त्याची वाट पाहणारे दुसरे दफ्तर सरकारात नाही. बरोबर निदानाने माणूस नोंदीबाहेर जावा, याचे मला फार वाईट वाटते.

क्षय आणि क्रोन यांच्या या गुंत्यातूनच व्यवहारातल्या माहितीने एकदा जगाला मोठा धडा दिला आहे. इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून दिले जाणारे औषध अमेरिकेत १९९८ साली क्रोनच्या रोगासाठी मान्य झाले. दाह पेटवणाऱ्या एका रेणूला ते निष्प्रभ करते, आणि चाचण्यांत त्याने असाध्य वाटणारे रोगी उठवून बसवले होते. पण तोच रेणू क्षयाच्या निद्रिस्त जंतूंना गाठींत कोंडून ठेवण्याचे काम करतो. चाचण्यांतले रोगी मोजके होते, त्यामुळे पहाऱ्यावरून हा शिपाई निघाल्यावर काय होईल ते त्यांत स्पष्ट झाले नाही. ते स्पष्ट झाले औषधांच्या दुष्परिणामांची वर्दी घेणाऱ्या अमेरिकी सरकारच्या दफ्तरात. जोसेफ कीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली त्या दफ्तरातून या औषधानंतर क्षय झालेल्या ७० जणांची हकिकत एकत्र मांडली. त्यांतल्या ४८ जणांना औषधाच्या तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतर क्षय झाला होता, आणि बहुतेक सर्व वर्द्या जेथे क्षय विरळ आहे अशा देशांतून आलेल्या होत्या. तेव्हापासून हे औषध देण्यापूर्वी लपलेल्या क्षयाची तपासणी करावी असा दंडक जगभर पडला. आदिलाबादच्या एखाद्या रोग्याला आज हैदराबादेत किंवा नागपुरात असे औषध देण्यापूर्वी छातीचा फोटो आणि क्षयाची रक्तचाचणी करावयास सांगतात, त्यामागे दूर देशीच्या निनावी रोग्यांविषयी कोणी डॉक्टराने सवड काढून भरलेले ते अर्ज आहेत.

असे आणखी दाखले आहेत. गर्भवतीला चाचणीत कोणी घेत नाही, पण हा रोग तर ऐन प्रसूतीच्या वयात येतो; म्हणून उमा महादेवन यांनी अमेरिकेत २००७ साली ‘पियानो’ नावाची नोंदवही सुरू केली, आणि सुमारे दीड हजार गर्भारपणांचा हिशेब २०२१ मध्ये मांडून दाखवला की या औषधांमुळे बालकांतील जन्मजात व्यंगे वाढलेली दिसत नाहीत; पोटातला रोग भडकलेला राहिला तर मात्र गर्भाला धोका वाढतो. सासूबाईंच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून दिवस राहताच गोळ्या बंद करणाऱ्या आपल्याकडच्या सुनांना ही गोष्ट कोणीतरी मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत सांगावयास हवी. कोरोनाच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, ‘सिक्युअर-आयबीडी’ ही जगभरच्या डॉक्टरांनी मिळून भरावयाची वही उघडली गेली आणि काही आठवड्यांतच ३३ देशांतील ५२५ रोग्यांच्या नोंदींवरून कळले की स्टेरॉइड घेणाऱ्यांत आजार गंभीर होतो, इन्फ्लिक्सिमॅबच्या जातीची औषधे घेणाऱ्यांत तसे दिसत नाही. स्वीडनमध्ये तर १९६४ ते १९९३ या काळात पन्नाशीपूर्वी अपेंडिक्स काढलेल्या २ लाख १२ हजार ९६३ जणांच्या इस्पितळी नोंदी तपासून २००१ साली असे आढळले की तरुणपणी अपेंडिक्सच्या दाहामुळे ते काढावे लागलेल्यांना पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी होतो. या प्रश्नाची चाचणी कोणत्याही देशात कोणीही करू शकला नसता. तेथे ते जमले, कारण उत्तरेकडच्या त्या देशांत प्रत्येक रहिवाशाला एक कायमचा क्रमांक असतो आणि इस्पितळाचे प्रत्येक दफ्तर त्या क्रमांकाला बांधलेले असते.

आपल्याकडे काय आहे? पुष्कळ वर्षे असा समज होता की हा श्रीमंत, थंड, पाश्चात्त्य देशांचा रोग. लुधियानाच्या अजित सूद यांनी घरोघर जाऊन ५१,९१० माणसे तपासली आणि २००३ साली लिहिले की त्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रोगी निघाले, म्हणजे लाखामागे ४४.३. मग २०१९ मध्ये आशिया व पॅसिफिकमधील तेरा देश-प्रदेशांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या दोन्ही रोगांच्या दरसाल नव्याने होणाऱ्या रोग्यांचे सरासरी प्रमाण लाखामागे दीड असताना भारताचे ९.३१ होते, आशियात सर्वांत अधिक, आणि भारताचा तो आकडा हैदराबादचा होता. त्या कामात असलेल्या हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या रूपा बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे शहरातील रुग्णालय आणि खेड्यांतील शिबिरे मिळून पोटाच्या खालच्या भागाची तक्रार असलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांची दुर्बिणीने तपासणी केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात ५.४ टक्के लोकांत हा रोग आढळला, आणि खेडुतांतही तो आढळला. या आकड्याचा छेद नीट पाहावा. हे शंभर रहिवाशांमागे नव्हे, तक्रार घेऊन आलेल्या शंभरांमागे आहे. तरीही रक्ताची आव म्हणजे अमीबा नाहीतर मूळव्याध, या दोन कप्प्यांत सारे बसवणाऱ्या ग्रामीण दवाखान्यांना तो विचार करायला लावणारा आहे.

नोंदवहीची भलावण करताना तिची दुबळी अंगे झाकून ठेवणे योग्य होणार नाही. इस्पितळाच्या वहीत जो इस्पितळापर्यंत पोहोचला तोच दिसतो. उटनूरच्या डोंगरातला कोलाम, ज्याला एक दिवसाची मजुरी बुडवून बस धरणे परवडत नाही, तो तिच्यात नसतो, आणि मग आदिवासींत हा रोग नाही असा निष्कर्ष सहज निघतो. दुसरा फसवा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. ज्या शेतात गुलाबी बोंडअळी अधिक, त्याच शेतात फवारणी अधिक झालेली असते. केवळ पहाणीपत्रक वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटावे की फवारणीनेच बोंडअळी येते. तद्वत जबर औषधे जबर रोग्यांनाच दिली जातात, आणि कच्चा हिशेब करणाऱ्याला त्या औषधाच्या रकान्यात अधिक शस्त्रक्रिया, अधिक मृत्यू दिसतात. यावर संख्याशास्त्राने उपाय शोधले आहेत. सारख्या तीव्रतेचे, सारख्या वयाचे रोगी जोडीजोडीने घेऊन तुलना करतात. पण त्यासाठी रोगाची तीव्रता मुळात लिहिलेली हवी, वजन, रक्तातले हिमोग्लोबिन, दिवसाला किती वेळा जावे लागते, रात्री उठावे लागते का, ही साधी माहिती प्रत्येक भेटीत त्याच रकान्यात हवी. जे लिहिलेच गेले नाही त्याची दुरुस्ती कोणत्याही गणिताने होत नाही. तिसरी गोष्ट, दुसऱ्या देशाची वही आपली होऊ शकत नाही. अ‍ॅझाथायोप्रीन या जुन्या, स्वस्त, आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोळीने काही आशियाई रोग्यांच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या का घटतात, याचे कारण असलेला एनयूडीटी-१५ या जनुकातील भेद कोरियातील क्रोनच्या रोग्यांवरून २०१४ मध्ये सापडला. युरोपच्या वह्या चाळून तो सहज हाती लागला नसता, कारण तेथे हा भेद विरळ आहे.

खेड्यात अशी वही चालत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला मी बार्शीचे उदाहरण देईन. मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली होती, पण ती शहराची. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला टाटा मेमोरियलच्या साहाय्याने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही निघाली, बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी. तेथे रोगी इस्पितळात येईल आणि मग लिहू, अशी वाट पाहिली असती तर वही कोरीच राहिली असती. म्हणून तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, माणसांना लक्षणे समजावून सांगू लागले, संशय असलेल्याला बार्शीच्या रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करू लागले, आणि पुन्हा पुन्हा त्याच गावांत जात राहिले. दुष्काळी, वाहनांची वानवा असलेल्या मुलखात हे दशकानुदशके चालले आहे. आतड्याचा दाह कर्करोगाहून विरळ आणि ओळखायला कठीण आहे हे खरे. पण माणसाच्या दारी परत जाण्याची रीत दोन्हीकडे एकच लागते.

अशी वही आदिलाबादेस निघाली तर ती नदीच्या एकाच तीराची असून भागणार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड येथील शासकीय रुग्णालये आणि अलीकडचे रिम्स यांनी एकच नमुना वापरला पाहिजे, आणि क्षयाच्या दफ्तरातून निदान पालटल्यामुळे जे नाव निघते ते या वहीत आपोआप आले पाहिजे. देशात २०२१ पासून आरोग्यखात्याचा चौदा अंकी क्रमांक मिळू लागला आहे, त्याचा येथे उपयोग होईल. रोग्याची संमती मात्र अंगठ्यापुरती असू नये. शौचाला किती वेळा जातो, ही गोष्ट मनुष्य घरातही सांगत नाही, आणि लग्नाच्या मुलीच्या बाबतीत तर ती गावात फुटली तर सोयरीक मोडते. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्याने संमती आणि ती मागे घेण्याचा हक्क दोन्ही मान्य केले आहेत, तेव्हा त्या हक्काचा अर्थ रोग्याच्या भाषेत, शक्य तर त्याच्याच समाजाच्या कार्यकर्तीकडून सांगितला जावा. संशोधकाला नावाची गरज नसते. नाव आणि रोग यांची गाठ सोडून ठेवलेली माहिती त्याला पुरते. नावाची गरज असते ती परत शोधायला जाणाऱ्याला, आणि ती चावी जिल्ह्याच्या रुग्णालयातच, जबाबदार हाती राहावी.

पहाणीपत्रकात रकाने पुष्कळ असतात आणि शेवटी शेऱ्याला जागा असते. तेथे कसणाऱ्याविषयी काही निराळे असेल ते लिहीत. आमच्या कापूसकऱ्याच्या पानावरही तेवढी जागा असावी. कपाशीची वेचणी आटोपली की तो कामाला कोठे जातो, त्याचा फोन बंद असला तर शेजाऱ्याचा कोणता, मेहुण्याचे गाव कोणते, नदीपलीकडच्या कोणत्या दवाखान्यात त्याची दुर्बिणीची तपासणी झाली होती, हे त्यात साध्या मराठीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला भेटायला जाणाऱ्या बाईला बेल्याच्या बसथांब्यावर उतरून कोणाला विचारावयाचे ते ठाऊक असेल.